पोटाला विश्रांती की पेज?

स्वादुपिंडाला एकाएकी सूज आली की रुग्णाचं अन्नपाणी तोडायचं, हा नियम वैद्यकात इतका पक्का बसला होता की कित्येक दशकं तो कुणी नीट तपासूनच पाहिला नाही. तपासला, तेव्हा तो टिकला नाही. रुग्णाला सारख्या उलट्या होत नसतील आणि त्याला खावंसं वाटत असेल, तर चोवीस तासांच्या आत तोंडाने खायला सुरुवात करावी, असं आज पोटविकारतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. तरीही अनेक वॉर्डांत खाटेच्या डोक्याशी चिकटपट्टीवर स्केचपेनने लिहिलेलं ‘एन.बी.एम.’ दिसतं आणि ते दोन-दोन, चार-चार दिवस तसंच राहतं. एन.बी.एम. म्हणजे तोंडाने काही द्यायचं नाही, घोटभर पाणीसुद्धा नाही. खाली बसलेले नातेवाईक सलाईनच्या थेंबांकडे बघत राहतात आणि राउंडला आलेल्या प्रत्येक डॉक्टरला एकच प्रश्न विचारतात, ‘‘साहेब, काही देऊ का तोंडाने?’’

हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. उपचारातला तो मोठा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर गेल्या तीस वर्षांत उलटं झालं आहे. ही गोष्ट रुग्णालयाच्या भिंतीआडच राहिली, म्हणून हा लेख.

आधी आजार समजून घेऊ. स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्यावरून आडवं गेलेलं असतं. लांबी साधारण १५ सेंटिमीटर, वजन १०० ग्रॅमच्या आसपास. एवढीशी ग्रंथी दिवसाला लिटर-दीड लिटर पाचकरस तयार करते. प्रथिनं तोडणारं ट्रिप्सिन, चरबी तोडणारं लायपेज आणि पिष्ट तोडणारं अमायलेज हे त्यातले मुख्य घटक. ट्रिप्सिन ग्रंथीतून निघतं ते झोपलेल्या अवस्थेत. लहान आतड्याच्या तोंडाशी पोचल्यावरच ते जागं व्हायचं, अशी शरीराची व्यवस्था आहे. ही व्यवस्था बिघडली की ट्रिप्सिन ग्रंथीतच जागं होतं आणि स्वादुपिंड स्वतःलाच पचवू लागतं. प्रागमध्ये काम करणारे हान्स कियारी यांनी १८९६ साली ही कल्पना मांडली. त्याआधी १८८९ मध्ये बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी या आजाराचं पहिलं व्यवस्थित वर्णन केलं होतं.

दुखणं सुरू होतं ते पोटाच्या वरच्या भागात, बेंबीच्या वर. ते पाठीत जातं. रुग्णाला उताणं झोपवत नाही. पुढे वाकून, गुडघे पोटाशी घेऊन बसलं की थोडा आराम पडतो. उलट्या होतात आणि उलटी होऊनही पोट हलकं होत नाही. घरात आधी ‘ॲसिडिटी झाली असेल’ म्हणून ओवा, सोडा, अँटॅसिडची गोळी असे उपाय होतात आणि त्यात रात्र जाते. ठरावीक दुखणं, रक्तात लायपेज किंवा अमायलेज नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या तिपटीहून जास्त आणि सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनमध्ये दिसणारी सूज, या तिन्हींपैकी दोन गोष्टी जुळल्या की निदान होतं.

कारणं मुख्यतः दोन. पित्ताशयातला खडा घसरून नळीच्या तोंडाशी अडकतो, हे एक. दारू हे दुसरं. दारू कोणती, याला फारसा अर्थ नाही. किती आणि किती वर्षं, हे महत्त्वाचं. रक्तातले ट्रायग्लिसराइड हजाराच्या पुढे जाणं, कॅल्शियम वाढणं, काही औषधं, पोटाला बसलेला मार अशी आणखीही कारणं आहेत. लहान मुलाच्या पोटात सायकलचं हँडल घुसतं तेव्हा डॉक्टर स्वादुपिंडाची काळजी करतात ती यामुळेच. नाशिकसारख्या द्राक्ष, टोमॅटो, कांद्याच्या जिल्ह्यात आणखी एक कारण ध्यानात ठेवायला हवं. फवारणीच्या ऑर्गॅनोफॉस्फेट औषधांची विषबाधा झाली तरी स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. फवारणीनंतर पोट धरून आलेल्या शेतकऱ्याला नुसती ‘विषबाधा’ म्हणून सोडून देऊ नये.

सगळ्या रुग्णांपैकी साधारण ८० टक्के लोकांचा आजार सौम्य असतो, आठवड्याभरात ते बरे होऊन घरी जातात. उरलेल्यांत ग्रंथीचा काही भाग मरतो, किंवा फुप्फुसं, मूत्रपिंड, रक्ताभिसरण कोलमडू लागतं. अवयव ४८ तासांपेक्षा जास्त काळ निकामी राहिले तर आजार ‘तीव्र’ म्हणायचा, असं अटलांटा वर्गीकरणाच्या २०१२ च्या सुधारित आवृत्तीत ठरलं. अशा रुग्णाचा जीव जाण्याचा धोका मोठा असतो. सौम्य आणि तीव्र या दोन्ही टोकांना अन्नाचा प्रश्न वेगवेगळ्या रूपात येतो.

आता नियमाचा जन्म. १९०२ मध्ये लंडनच्या बेलिस आणि स्टार्लिंग यांनी दाखवलं की जठरातलं आम्ल लहान आतड्यात आलं की आतडं एक संप्रेरक रक्तात सोडतं आणि त्याच्या हुकमाने स्वादुपिंड रस सोडतं. त्यावरून तर्क सरळ होता. अन्न म्हणजे रस, रस म्हणजे आगीत तेल; म्हणून अन्न बंद. पुढे १९२१ मध्ये जॉन राइल यांनी नाकातून जठरात जाणारी रबरी नळी आणली. आपल्याकडे सरकारी वॉर्डात मामा-मावशींपासून नातेवाइकांपर्यंत सगळे जिला ‘राइल्स ट्यूब’ म्हणतात, ती हीच. मग जठरातलं पाणीही ओढून बाहेर काढायचं, म्हणजे आतड्याकडे काही जायलाच नको. स्वादुपिंडाला पूर्ण विश्रांती. दुखणं थांबेपर्यंत, आतड्यांचा आवाज येईपर्यंत, लायपेज उतरेपर्यंत उपास. त्यानंतर एक दिवस साखरपाणी, एक दिवस डाळीचं पाणी, मग पातळ, मग मऊ, अशी पायऱ्यांची चढण.

तर्क देखणा होता. पण शरीराने तो मानला नाही.

पहिली गोष्ट, दाह झालेलं स्वादुपिंड नेहमीइतका रस सोडतच नाही. जोरदार आजारात रसाचं मोजमाप झालं तेव्हा त्यातली विकरं निरोगी माणसापेक्षा कमी निघाली. ज्या कामापासून विश्रांती द्यायची, ते काम ग्रंथीने आधीच कमी केलेलं असतं. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ती स्वादुपिंडाची नव्हे, आतड्याची आहे. आतड्याच्या आतल्या अस्तराच्या पेशी तीन ते पाच दिवसांत बदलतात. त्यांचं बरंचसं पोषण समोरून जाणाऱ्या अन्नातून होतं. अन्न थांबलं की अस्तर पातळ होतं, पेशींमधल्या जोडण्या सैल पडतात आणि पोकळीतले जंतू भिंत ओलांडून रक्तात शिरू लागतात. स्वादुपिंडाच्या मेलेल्या भागात पुढे जो संसर्ग होतो, त्यात सापडणारे जंतू बहुतेक आतड्यातलेच असतात. ई. कोलाय, क्लेब्सिएला, एन्टरोकॉकस. स्वादुपिंडाला विश्रांती देताना आपण आतड्याला उपाशी ठेवलं, आणि संसर्गाची वाट उघडली.

इथे सलाईनबद्दल बोलायलाच हवं, कारण आपल्याकडे सलाईनवर लोकांचा मोठा भरवसा आहे. ‘सलाईन चालू आहे ना, मग ताकद येतेय’ असं घरचे मानतात. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिलिलिटरच्या बाटलीत साखर असते २५ ग्रॅम. त्यातून मिळतात ८५ ते १०० कॅलरी, म्हणजे घरच्या एका पोळीइतक्या. रिंगर लॅक्टेटच्या किंवा साध्या मिठाच्या सलाईनमध्ये तर जवळपास शून्य. आजारी माणसाला दिवसाला वजनाच्या दर किलोमागे २५ कॅलरी आणि एक ते दीड ग्रॅम प्रथिनं लागतात. साठ किलोच्या माणसाला दीड हजार कॅलरी हव्यात आणि ६० ते ९० ग्रॅम प्रथिनं. चार बाटल्या डेक्स्ट्रोज लावलं तरी चारशे कॅलरी आणि प्रथिनं शून्य. शरीर मग स्वतःचे स्नायू मोडून खातं. दारूमुळे आलेला रुग्ण आधीच कुपोषित असतो. त्याला आणखी पाच दिवस असं ठेवणं म्हणजे त्याच्या अंगातलं उरलंसुरलं बळ काढून घेणं आहे. सलाईन पाण्यासाठी असते, शॉक टाळण्यासाठी असते. तीसुद्धा आता पूर्वीसारखी भसाभसा देत नाहीत. २०२२ मध्ये स्पेन, इटली, मेक्सिको आणि भारतातल्या रुग्णालयांनी मिळून एक चाचणी केली. जोरात सलाईन दिलेल्यांपैकी २०.५ टक्के रुग्णांच्या अंगात पाणी साठलं, बेताने दिलेल्यांत ते प्रमाण ६.३ टक्के होतं. त्यामुळे ही चाचणी मध्येच थांबवावी लागली.

अन्नाविषयीचा पुरावा टप्प्याटप्प्याने आला. आधी लढाई होती ती शिरेतून द्यायच्या पोषणाशी. १९६० च्या दशकात अमेरिकेत स्टॅनले डड्रिक यांनी मोठ्या शिरेतून पूर्ण आहार देता येतो हे दाखवलं, आणि आतड्याला न शिवता रुग्ण जगवायची सोय झाली. स्वादुपिंडाच्या डॉक्टरांना ती वरदान वाटली. मग १९९७ मध्ये ग्रीसच्या पात्रासमधल्या कालफारेंत्झोस यांनी तीव्र आजाराच्या ३८ रुग्णांवर चाचणी केली. निम्म्यांना नळीने आतड्यात अन्न, निम्म्यांना शिरेतून. आतड्यात अन्न मिळालेल्यांना संसर्ग कमी झाला, आणि शिरेतल्या आहाराचा खर्च तिप्पट निघाला. पुढच्या दहा-बारा वर्षांत अशा चाचण्या साठत गेल्या आणि चित्र पक्कं झालं. शिरेतलं पोषण हा शेवटचा मार्ग, पहिला नव्हे.

मग प्रश्न आला तो नळी कुठवर न्यायची याचा. जुना समज असा, की नळी जठराच्याही पुढे, लहान आतड्याच्या मधल्या भागात न्यावी, म्हणजे स्वादुपिंड डिवचलं जाणार नाही. त्यासाठी दुर्बीण लागते, क्ष-किरण लागतात, तज्ज्ञ लागतो. तालुक्याच्या ठिकाणी यातलं काय मिळणार? याचं उत्तर आपल्याच देशातून आलं. दिल्लीच्या एम्समध्ये २००६ साली तीव्र आजाराच्या सुमारे तीस रुग्णांत आणि पुढे २०१२ मध्ये ७८ रुग्णांत तुलना झाली. एका गटाला जठरातल्या साध्या नळीतून अन्न, दुसऱ्याला आतड्यातल्या खोल नळीतून. साधी नळी मागे पडली नाही. जी राइल्स ट्यूब जठर रिकामं करायला आणली होती, तिच्यातूनच अन्न देता येतं, हे सिद्ध झालं. महाराष्ट्रातल्या ग्रामीण रुग्णालयांच्या दृष्टीने यापेक्षा मोलाचं संशोधन या विषयात झालं आहे असं मला वाटत नाही. याची चर्चा मात्र त्या मानाने फार थोडी झाली.

तिसरा टप्पा तोंडाचा. स्वीडनमध्ये २००७ साली सौम्य आजाराच्या साठ रुग्णांना दोन गटांत विभागलं. एका गटाला पहिल्यापासून तोंडाने खायला मुभा, दुसऱ्याला उपास. खाणारे चार दिवसांत घरी गेले, उपाशी राहिलेले सहा दिवसांत. त्याच वर्षी बोस्टनमध्ये १२१ रुग्णांत दुसरा प्रश्न तपासला गेला. पहिलं जेवण साखरपाण्याचं असावं की कमी चरबीचं घट्ट जेवण चालेल? घट्ट जेवण तितकंच सुरक्षित ठरलं. जर्मनीत २०१० मध्ये लायपेज उतरण्याची वाट पाहणाऱ्या गटाशी ‘भूक लागली की सांगा आणि खा’ असं सांगितलेल्या गटाची तुलना झाली. भुकेवर विसंबलेल्यांचं दुखणं जास्त उलटलं नाही. रक्ताच्या अहवालापेक्षा रुग्णाची भूक कमी भरवशाची नव्हती. मला ही चाचणी सगळ्यांत आवडते, कारण तिच्यात कुणीतरी रुग्णालाच विचारलं.

२०१४ मध्ये हॉलंडच्या १९ रुग्णालयांची मोठी चाचणी आली. आजार वाढण्याचा धोका असलेले २०८ रुग्ण तिच्यात होते. अर्ध्यांना पहिल्या चोवीस तासांत नाकातून नळी घालून अन्न सुरू केलं. अर्ध्यांना तीन दिवस थांबून तोंडाने जेवण दिलं, जमलं नाही तरच नळी. संसर्ग आणि मृत्यू यांत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. पण दुसऱ्या गटातल्या ६९ टक्के रुग्णांना नळीची गरजच लागली नाही. नाकात नळी घालण्याची घाई नको, आणि तोंडाने खाण्याची संधी आधी द्या, असा त्याचा व्यावहारिक अर्थ. स्पेनमधल्या चार रुग्णालयांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत रुग्ण दाखल झाल्याबरोबर कमी चरबीचं जेवण सुरू केलं, पायऱ्या न चढवता. मुक्काम सरासरी ८.८ दिवसांवरून ३.४ दिवसांवर आला. अमेरिकेच्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये चोवीस तासांत तोंडाने अन्न देण्याची ठाम शिफारस केली ती त्याआधी साठत आलेल्या अशाच पुराव्यांवर.

एक शंका उरते आणि ती रास्त आहे. खाल्ल्यावर दुखणं उलटलं तर? उलटतं, काहींचं. फ्रान्समध्ये १९९७ साली ११६ रुग्णांचं निरीक्षण झालं, त्यात २१ टक्क्यांना पुन्हा खायला सुरुवात केल्यावर दुखलं. पण हे रुग्ण नियमाप्रमाणे थांबून, उपास पूर्ण करूनच जेवले होते. म्हणजे उपासाने ही जोखीम टळत नाही. दुखलं तर एक वेळ थांबायचं, वेदनाशामक द्यायचं, पुढच्या वेळी कमी द्यायचं. एवढंच.

नाशिकशी या विषयाचा एक वेगळाच संबंध आहे. म्हसरूळला १९९८ साली स्थापन झालेलं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. राज्यातली ॲलोपॅथीची, आयुर्वेदाची, परिचर्येची महाविद्यालयं त्याला जोडलेली. त्यामुळे एकाच विद्यापीठाच्या छताखाली दोन परंपरा शिकवल्या जातात. आयुर्वेदाचा विद्यार्थी संसर्जनक्रम शिकतो. वमन-विरेचनासारख्या शोधनानंतर मंदावलेल्या अग्नीला कसं सांभाळायचं, याचा तो क्रम. आधी पेया, मग विलेपी, मग यूष, मग मांसरस. शुद्धी किती झाली त्यावर तीन, पाच किंवा सात दिवस. मी याला स्वादुपिंडदाहाचा पुरावा म्हणत नाही. ती वेगळी स्थिती, वेगळं शास्त्र, आणि पुरावा चाचण्यांतूनच यायला हवा. पण एक गोष्ट लक्षात घ्यावी असं वाटतं. आपल्या लोकमानसात ‘लंघन’ पक्कं रुजलं आणि त्याच ग्रंथांतलं लंघनानंतरचं सावध जेवण विसरलं गेलं. पंचवटीतल्या आजीला अजून पेज, कढण, गुरगुट्या भात यांचा फरक ठाऊक असतो. तो फरक वॉर्डात उपयोगाला आणता येण्यासारखा आहे.

तर मग रुग्णाला द्यायचं काय? जुनी पायरी डाळीच्या पाण्याची. डाळीचं पाणी म्हणजे डाळ नव्हे. वरचं निवळ पाणी दिलं की प्रथिनं पातेल्याच्या तळाशी राहतात. त्यापेक्षा मुगाची डाळ पूर्ण शिजवून, घोटून, फोडणीशिवाय मऊ भाताबरोबर द्यावी. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकच्या घरांतून येणारी नागलीची पेज चांगली. भगर चालते, दाण्याचा कूट न घालता. इडली, उकडलेला बटाटा, पपई, केळं, लोणी काढलेलं ताक, अंड्याचा पांढरा भाग, हे सगळं चालण्यासारखं. एका वेळी वाटीभर, दिवसातून पाच-सहा वेळा. मधुमेह असेल तर डॉक्टर यात बदल सांगतील.

अडचण येते ती चरबीची, आणि ती मायेच्या हाताने येते. मऊ भात म्हटलं की त्यावर मेतकूट आणि मेतकुटावर तूप, हा आपला हात ठरलेला. आजारी माणसाला तर दोन चमचे जास्तच, ‘बळ येईल’ म्हणून. लायपेज नीट पाझरत नाही त्या दिवसांत हे तूप पचत नाही, दुखणं मात्र ओढवू शकतं. मेतकूट राहू द्या, तूप थांबवा. शेंगदाण्यात वजनाच्या जवळपास निम्मं तेल असतं आणि सुक्या खोबऱ्यात त्याहून जास्त. त्यामुळे दाण्याची चटणी, खोबऱ्याच्या वाटणाची आमटी, नाशिकची तर्रीदार मिसळ, फराळातल्या चकल्या आणि करंज्या, हे सगळं काही आठवडे बाजूला. भाजक्या पोह्यांचा चिवडा थोड्या तेलावर आणि दाण्या-खोबऱ्याशिवाय केला तर दिवाळीत त्या माणसाला ताटाबाहेर बसल्यासारखं वाटणार नाही.

सुरगाण्याहून आलेली एखादी सासू अशा वेळी वॉर्डाबाहेर स्टीलचा डबा मांडीवर घेऊन बसलेली असते. आत पेज असते, वरून फडकं बांधलेलं. ‘‘सिस्टर, दोन घास देऊ का ओ?’’ आणि सिस्टर केसपेपरकडे बोट दाखवतात, कारण त्यावर लिहिलेलं त्यांना मोडता येत नाही. दोष सिस्टरांचा नाही. सोनोग्राफीसाठी सहा तास उपाशी ठेवलं, सोनोग्राफी झाली, आणि ‘आता खायला द्या’ हे लिहायचं राहिलं, असं सहज घडतं. बऱ्याच ठिकाणी आहाराची यादी सकाळीच स्वयंपाकघरात जाते आणि मोठा राउंड त्यानंतर होतो. दुपारी मुभा मिळाली तरी जेवण येतं रात्रीचं. उपासाची सूचना जितक्या तत्परतेने लिहिली जाते, तितक्याच तत्परतेने ती उठवली जावी, यासाठी दर राउंडला ‘आज हा रुग्ण काय खाणार?’ ही एक ओळ केसपेपरवर बंधनकारक करता येईल. त्याला पैसा लागत नाही. नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात असो, शालिमारच्या संदर्भ सेवा रुग्णालयात असो की आडगावच्या वैद्यकीय महाविद्यालयात, रोजंदारीवरच्या माणसाचे वाचलेले दोन दिवस म्हणजे त्याच्या घरात येणारी दोन दिवसांची मजुरी आहे, आणि सोबत थांबलेल्या माणसाचीही.

डबा डॉक्टरांना न विचारता उघडायचा मात्र नाही. रुग्ण सारखा ओकतोय, पोट फुगून ताठ झालंय, हवा सरत नाही, श्वास लागतोय, गुंगी आहे, अशा वेळी तोंडाने दिलेला घास फुप्फुसात जाऊ शकतो. तिथे नळी लागते, आणि दोन-तीन दिवसांत तोंडाने खाणं जमलं नाही तर ती घालायला उशीरही करू नये. नळीतून अन्न देताना डोकं तीस-पस्तीस अंश उंच ठेवणं, हळूहळू देणं, या गोष्टी नातेवाइकांनीही शिकून घ्याव्यात. नळीतून अन्न पचतच नसेल तरच शिरेतला आहार. संसर्ग होऊ नये म्हणून पहिल्या दिवसापासून प्रतिजैविकं देण्याचाही फायदा दिसलेला नाही. त्यांची गरज संसर्ग झाल्यावर असते.

ज्यांनी खायला सुरुवात केली आणि ज्यांचं पोट शांत झालं, त्यांची पुढची तीन कामं घरी जाण्याआधी ठरायला हवीत. खडा असेल तर पित्ताशय काढणं. सौम्य आजारात ते त्याच मुक्कामात काढावं. हॉलंडमधल्या २६६ रुग्णांच्या २०१५ च्या चाचणीत, महिनाभराने या म्हणून घरी पाठवलेल्यांपैकी १७ टक्के पुन्हा त्रास होऊन आले, त्याच वेळी शस्त्रक्रिया केलेल्यांपैकी फक्त ५ टक्के. दारू कारण असेल तर एकदा दरडावून सांगितल्याने भागत नाही. फिनलंडमध्ये दर सहा महिन्यांनी बोलावून पुन्हा पुन्हा समुपदेशन केलं, तेव्हा दोन वर्षांत उलटणारे झटके कमी झाले. आणि तिसरं साखरेचं. स्वादुपिंडच इन्सुलिन करतं. पहिल्या झटक्यानंतर वर्षभरात साधारण १५ टक्के लोकांना नव्याने मधुमेह होतो, असं न्यूझीलंडच्या संशोधकांनी २०१४ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून दाखवलं. सौम्य आजारातही हे घडतं. म्हणून डिस्चार्ज कार्डावर औषधांच्या खाली तीन महिन्यांनी आणि वर्षाने करायच्या साखरेच्या तपासणीची तारीख लिहून घ्या. कार्डावर ती नसेल, तर डॉक्टरांना विचारून स्वतःच्या हाताने लिहा.